हा रिपोर्ट एकट्या दादाचा नाही

आदरणीय डॉक्टरताई,
मी नागपूरला नंदनवनात राहते. वय ३३, शाळेत शिकवते, एक मुलगी आहे. माझ्या दादाचं (वय ३९) चार महिन्यांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्याआधी वर्षभर त्याचं रक्त सारखं कमी व्हायचं. हिमोग्लोबिन ७ वर आलं, तरी आम्ही मूळव्याध समजून लोहाच्या गोळ्या देत राहिलो. डॉक्टर म्हणाले, दुसरी स्टेज आहे, केमोची गरज नाही. आईला वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले म्हणून केमो दिली नाही. बाबा ४४ व्या वर्षी आतड्याच्याच कॅन्सरने गेले. आत्याची गर्भपिशवी ४९ व्या वर्षी कॅन्सरमुळे काढली, आज ती ५८ वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे. घरात कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नाही, दारूला शिवत नाही. दादाच्या रिपोर्टच्या शेवटी ‘एमएसएच२ आणि एमएसएच६ लॉस’ असं लिहिलंय, खाली ‘जेनेटिक कौन्सेलिंग’चा सल्ला आहे. म्हणजे दोन जीन बिघडले का? दादा म्हणतो, आता एकही तपासणी नको. आईने फाइल कपाटात कुलूप लावून ठेवली आहे, कारण धाकट्या बहिणीचं (वय २६) लग्न आत्याच्याच मुलाशी ठरतंय आणि हे बाहेर गेलं तर सोयरीक मोडेल असं तिला वाटतं. काका पितृदोष म्हणतात, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं त्यांच्या मनात आहे. मी काय करू?
– एक वाचक, नागपूर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: लग्न आत्याच्या मुलाशी ठरतंय. त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे. पण ते नीट कळायला आधी दादाच्या रिपोर्टमधली ती ओळ कळायला हवी, आणि त्याही आधी आईंच्या मनातली भीती काढायला हवी, कारण घरातलं कुलूप त्या भीतीने लावलंय.

डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत. मोठ्या आतड्याचा दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर असेल आणि गाठीत दादाच्या रिपोर्टमध्ये आहे तसा दोष सापडला, तर ऑपरेशननंतर आजार उलटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी असतं. शिवाय या स्टेजला नेहमीची फ्लुरोयुरॅसिलची एकटी केमो अशा रुग्णांना फायदा देत नाही, त्रास मात्र पुरता देते. म्हणजे केमो टाळली ती रिपोर्ट नीट वाचूनच. ‘केमोशिवाय कॅन्सर जात नाही’ असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना हे सांगा, आणि आईंना तर शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगा.

आता दोन जीनबद्दल. आपल्या शरीरात पेशी सतत नव्या होत असतात, आतड्याच्या आतल्या अस्तरात तर काही दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. पेशी दोन व्हायच्या आधी तिच्यातल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते, म्हणजे सुमारे ६०० कोटी अक्षरं. नक्कल करणारं यंत्र फार काटेकोर असतं. ते स्वतःच्या चुका हातासरशी दुरुस्तही करतं. तरी साधारण कोटी अक्षरांमागे एखादी चूक मागे राहतेच. म्हणजे दर नकलेत काहीशे चुका. त्या शोधून काढायला पेशीत वेगळी दुरुस्तीची व्यवस्था असते, तिला मिसमॅच रिपेअर म्हणतात. रिपोर्टमध्ये एमएमआर असं लिहितात ते हेच.

तुम्ही कधी स्वेटर विणला असेल तर हे काम लगेच डोळ्यांपुढे येईल. टाका चुकला की तेवढाच टाका ओढून भागत नाही. चुकीच्या जागेपर्यंत वीण उसवायची, आणि तिथून पुन्हा विणत यायचं. पेशीही तेच करते. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनांची जोडी नव्या नकलेवरून सरकत जाते आणि जिथे अक्षर जुळत नाही तिथे थांबते. मग ती एमएलएच१ आणि पीएमएस२ या दुसऱ्या जोडीला बोलावते. ही दुसरी जोडी नव्या धाग्याला चीर देते, चुकीसकट तेवढा तुकडा उसवला जातो, आणि जुन्या धाग्याकडे बघून नवा भरला जातो. चुकांचं प्रमाण त्यामुळे आणखी शंभर ते हजार पटींनी खाली येतं. जिथे एकसारखे टाके ओळीने असतात तिथे विणणारीची मोजणी सगळ्यात जास्त चुकते. डीएनएमध्येही तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा जागा असतात, त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. दुरुस्ती बंद पडली की पहिला गोंधळ तिथेच दिसतो. काही रिपोर्टांत ‘एमएसआय हाय’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच गोंधळ सापडला. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडणारे पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, टोमास लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासोबत.

आता तुम्हाला दोन जीन का दिसले ते सांगते. एमएसएच६ हे प्रथिन एकटं टिकत नाही. जोडीदार एमएसएच२ नसला की पेशी त्यालाही मोडून टाकते. म्हणून रिपोर्टमध्ये नावं दोन येतात, पण बिघाड बहुतेक वेळा एकाच जीनमध्ये असतो, एमएसएच२ मध्ये. (कधी कधी त्याच्या शेजारच्या ईपीकॅम नावाच्या जीनचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे एमएसएच२ गप्प होतो. तपासणीत तेही बघतात.)

मी पॅथॉलॉजीत काम केलंय, म्हणून ही स्लाइड कशी दिसते ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. गाठीचा मेणात बसवलेला तुकडा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचा अगदी पातळ काप काढून चार वेगवेगळ्या काचांवर घेतात आणि चार प्रथिनांसाठी चार रंग देतात. प्रथिन हजर असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. तुमच्या दादाच्या एमएसएच२ च्या काचेवर कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं फिक्या निळ्या रंगाची असणार, आणि त्यांच्याच मधोमध, खेटून बसलेल्या रक्तातल्या साध्या पांढऱ्या पेशी मात्र गडद तपकिरी. त्या तपकिरी पेशी फार कामाच्या. रंग नीट लागलाय, यंत्राची चूक नाही, हे त्या सांगतात. त्याच माणसाच्या चांगल्या पेशीत प्रथिन आहे आणि गाठीत नाही, हे एकाच काचेवर शेजारी शेजारी दिसतं.

चांगल्या पेशीत ते असतं कारण प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बाबांकडून. जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. म्हणून माणूस वर्षानुवर्षं निरोगी राहतो. मग कधीतरी आतड्याच्या किंवा गर्भपिशवीच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी होते, त्या पेशीत दुरुस्ती थांबते, आणि तिथून पुढे चुका साचत जातात. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. इतर लोकांत पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या साध्या गाठीचा, कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. इथे तेच काम एक ते तीन वर्षांत होऊ शकतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दादाचा रिपोर्ट हा गाठीचा आहे. जन्मजात दोष आहे की नाही याचा अंतिम निकाल रक्ताच्या जीन तपासणीतूनच लागतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपैकी सुमारे १५ टक्क्यांत दुरुस्तीचा हा दोष सापडतो आणि त्यातले बहुतेक आनुवंशिक नसतात. ते जास्त करून वयस्कर माणसांत होतात, तिथे एमएलएच१ हा जीन वाढत्या वयात नुसता बंद पडलेला असतो. पण तुमच्या घरात बंद पडलेलं आहे एमएसएच२, दादाचं वय ३९, बाबा ४४ ला गेले, आत्याची गर्भपिशवी ४९ ला. हे चित्र बघून कुठलाही जाणकार डॉक्टर लिंच सिंड्रोमचाच विचार आधी करील. दादाची गाठ कुठे होती ते तुम्ही लिहिलं नाही, पण वर्षभर नुसतं रक्त कमी होत राहिलं यावरून ती उजव्या बाजूला असावी. उजवीकडच्या गाठी बरेचदा अशाच असतात: शौचातून रक्त डोळ्यांना दिसत नाही, पोट दुखत नाही, थेंब थेंब रक्त आतल्या आत जात राहतं. आता स्वतःला दोष देत बसू नका. यापुढे घरात कुणाचं रक्त विनाकारण कमी झालं, तर लोहाच्या गोळ्यांसोबत दुर्बिणीची तपासणीही करायची, एवढं ठरवून टाका.

काकांच्या म्हणण्यावर मी हसणार नाही. एकाच घरात पिढ्यान् पिढ्या ऐन उमेदीतली माणसं जातात, तेव्हा कारण शोधावंसं वाटतंच. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं होतं, की आमच्या घरातले सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कॅन्सरने जातात, मीही लवकर जाणार. ती तशीच गेली, गर्भपिशवीच्या कॅन्सरने. वॉर्थिननी तिचं बोलणं उडवून लावलं नाही, त्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ती छापली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशा घराण्यांवर लिहायला सुरुवात केली, तेव्हा कॅन्सर आनुवंशिक असू शकतो हे मान्य करायला वैद्यकीय जग तयार नव्हतं. १९९३ मध्ये एमएसएच२ हा जीन सापडला. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना जे कुणी देऊ शकलं नाही ते तुमच्या हातात आहे: कुणाला धोका आहे आणि कुणाला नाही हे रक्ताच्या एका नळीवरून कळू शकतं. नारायण नागबळीने काकांच्या मनाला शांती मिळत असेल तर ते अवश्य करावं. पण त्र्यंबकेश्वरची तारीख ठरवण्याआधी रक्ताची तारीख ठरवा.

खर्‍र्‍याचंही सांगून टाकते. नागपुरात कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न ‘खर्रा खात होते का?’ हाच येतो, आणि तोंडाच्या कॅन्सरबाबत तो रास्तच आहे. पण त्यामुळे ज्या घरात खर्रा नाही तिथे लोक एकतर लपवलेलं व्यसन शोधतात नाहीतर शाप. तुमच्या घरात कुणाच्याही वागण्यामुळे हे झालेलं नाही. सावजीच्या तर्रीमुळेही नाही.

आता तपासणी कुणी करायची. नियम असा, की ज्याला कॅन्सर झालाय त्याचं रक्त आधी तपासावं. त्यात नेमकी चूक सापडली की बाकीच्या नातेवाइकांत फक्त तीच एक जागा बघायची असते. ते सोपं, स्वस्त आणि उत्तरही स्वच्छ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं मिळतं. आधी तुमचंच रक्त तपासलं आणि काही सापडलं नाही, तर तुम्ही खरंच सुटलात की चूक शोधता आली नाही, हे कळणार नाही. एमएसएच२ मध्ये मोठाले तुकडेच्या तुकडे गळालेले असण्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून अक्षरं वाचण्याबरोबर तुकडे मोजणारी तपासणी, एमएलपीए किंवा तिच्या बरोबरीची, झाली आहे ना हे विचारून घ्या. कधी कधी ‘अर्थ न लागलेला बदल’ असाही रिपोर्ट येतो. त्याच्या आधारावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, लग्नाचा तर मुळीच नाही.

दादा नाही म्हणतो. ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत, त्याला सुया आणि रिपोर्ट नकोसे झाले असतील, तर त्याच्यावर ओरडू नका. पण त्याला एक गोष्ट बहुतेक कुणी सांगितलेली नाही. त्याचं उरलेलं आतडं त्याच जीनचं बनलेलं आहे. दरवर्षी दुर्बिणीने तपासणी हवीच, आणि उद्या पुढच्या टप्प्यात काही उद्भवलंच तर औषधही याच माहितीवर ठरेल. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत इतके बदल साचतात की शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी म्हणून ओळखू येते, फक्त गाठ त्या पेशींना थोपवून धरते. ते थोपवणं काढून टाकणारी इम्युनोथेरपी इथे विलक्षण काम करते. २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला परवानगी मिळाली ती कॅन्सर कुठल्या अवयवाचा आहे यावर नव्हे, हा दोष आहे की नाही यावर. असं तिथे पहिल्यांदाच झालं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून बातमी आली, की हाच दोष असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना सहा महिने डोस्टार्लिमॅब दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशनशिवाय. औषधं महाग आहेत, आणि दादाला आज त्यांची गरज नाही, ईश्वर करो आणि कधी न पडो. पण ही माहिती त्याच्या स्वतःच्या जिवासाठी आहे, घरच्यांवर उपकार म्हणून नाही, हे त्याला कळलं की तो कदाचित हात पुढे करील.

आणि त्याने नाहीच केला, तरी दार बंद होत नाही. आत्या आहे. तिला कॅन्सर झाला होता, ती हयात आहे, तिच्या रक्तातूनही तेच उत्तर मिळू शकतं. शिवाय ज्या रुग्णालयात तिची गर्भपिशवी काढली तिथे तिचा मेणाचा ब्लॉक अजून जपलेला असू शकतो, त्यावर चार रंगांची हीच तपासणी करता येते. आईंनी जिच्यापासून हे लपवायचं ठरवलंय, तिच्याकडेच तुमच्या घराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

आईंची घालमेल मला कळते. आत्या त्यांची नणंद, त्यात आता विहीणबाई होणार. पण जरा आत्याच्या बाजूने बघा. गर्भपिशवी काढल्याने आतड्याचा धोका गेलेला नाही. तिची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, कधी झाली आहे का? ऑपरेशनच्या वेळी अंडाशयं काढली की ठेवली? हे प्रश्न तिला कुणी विचारलेच नसतील, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. आता तुम्हाला ठाऊक आहे. गप्प राहिलात आणि दोन वर्षांनी आत्याला काही झालं, तर ती सोयरीक कशी टिकेल?

आता लग्नाचं. मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा, आपल्याकडे अनेक घरांत हे नातं हक्काचं मानतात, आणि मला त्या रीतीला नावं ठेवायची नाहीत. पण या एका जोडीचा हिशेब वेगळा आहे. बाबांकडे आणि आत्याकडे ही बिघडलेली प्रत आजी-आजोबांपैकी एकाकडून आली असणार. बाबांकडून ती तुमच्या बहिणीकडे येण्याची शक्यता निम्मी. आत्याकडून तिच्या मुलाकडे येण्याची शक्यताही निम्मी. म्हणजे दोघांकडेही ती असण्याची शक्यता चारात एक. आणि तसं असलं तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. अशा बाळाच्या शरीरात दुरुस्ती करणारी चांगली प्रत एकही नसते. मेंदूची गाठ, रक्ताचा कॅन्सर, आतड्याचा कॅन्सर, हे सगळं शाळेच्या वयात होऊ शकतं, अंगावर फिक्या कॉफीच्या रंगाचे डाग असतात. हा आजार फार दुर्मिळ आहे. तो दिसतो तो जास्त करून जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत, ते याच कारणाने.

मी लग्न मोडा म्हणत नाही. चारातल्या तीन शक्यता अशा आहेत की दोघांपैकी निदान एक जण सुटलेला असेल, आणि मग ही विशिष्ट भीती पूर्ण नाहीशी होते. दोघांकडेही सापडलं तरी निर्णय त्या दोघांचा. मूल होण्याआधी गर्भाची जीन तपासणी करून घेण्यासारखे मार्ग असतात, जेनेटिक कौन्सेलर ते समजावून सांगतात. पण हे साखरपुड्याच्या आधी दोघांना कळलं पाहिजे, आणि दोघांना एकाच वेळी. मुहूर्त थोडा पुढे गेला तर काही बिघडत नाही. आईंना वाटतं की हे ‘मुलाकडच्यांना’ कळू नये. पण मुलाकडचं रक्त आणि तुमचं रक्त एकच आहे! लग्न दुसऱ्या कुठल्या घरात ठरत असतं तर हा दुहेरी धोका नसता, तिथे किती आणि केव्हा सांगायचं हा बहिणीचा प्रश्न राहिला असता. इथे तसं नाही.

आई असंही म्हणत असतील की आजार बाबांच्या घराण्याचा, मुली काय, दुसऱ्या घरच्या. लग्नाने गोत्र बदलतं, जीन बदलत नाही. मुलगा असो की मुलगी, धोका निम्मा निम्माच. आणि ज्याच्याकडे ही प्रत आलेली नाही त्याच्या मुलांना ती बाबांकडच्या बाजूने येऊच शकत नाही, ती साखळी तिथेच तुटते.

आता तुम्ही. जीनचा रिपोर्ट येवो न येवो, कोलोनोस्कोपी लगेच करून घ्या. बाबा ४४, दादा ३९, एवढं कारण पुरेसं आहे. बहिणीचंही तेच. बिघडलेला जीन सापडला तर ती दर एक ते दोन वर्षांनी, कारण पॉलिप सापडला की तिथल्या तिथे काढता येतो, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच थांबतो. फिनलंडमध्ये अशा घराण्यांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं होतं. तीन तीन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. त्यांच्यातलं त्या कॅन्सरने कुणी गेलं नाही, तपासणी न घेणाऱ्यांतले नऊ जण गेले. तुम्ही मला पत्र लिहिलंत याचा मला इतका आनंद का झाला ते या आकड्यांवरून कळेल. तुमच्या बाबांच्या वेळी हे कुणी केलं असतं तर, असं मनात येतं. बाबांसाठी ते झालं नाही, तुमच्यासाठी होऊ शकतं.

तपासणीची धास्ती घेऊ नका. त्रास होतो तो आतडं साफ करायला आदल्या दिवशी प्यायच्या पावडरच्या पाण्याचा. ते गार करून, थोडं थोडं प्या. दोन-तीन दिवस आधी पेरू, टोमॅटो, तीळ, बिया असलेलं काही नको. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ, नारळपाणी चालेल, दूध नाही, आणि लाल सरबत तर अजिबात नाही, आतड्यात ते रक्तासारखं दिसतं. तपासणीच्या वेळी गुंगी देतात. सोबत कुणाला तरी न्या, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. धंतोली-रामदासपेठेत ही तपासणी रोज होते, मेडिकललाही, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही, विचारा.

गर्भपिशवीबद्दल बायका फार अंगावर काढतात, म्हणून ठासून सांगते. एमएसएच२ मध्ये दोष असलेल्या बाईला गर्भपिशवीच्या कॅन्सरचा धोका आतड्याइतकाच, आयुष्यभरात निम्म्याच्या आसपास असतो, अंडाशयाचाही वाढतो. पाळी सोडून मध्येच अंगावर जायला लागलं, पाळी फार वाढली, तर ‘वयाने होतं’ म्हणून बसायचं नाही. जीन सापडला तर तिशीच्या मध्यापासून अस्तराची बायोप्सी, आणि मुलं हवी तेवढी झाल्यावर, चाळिशीच्या सुमारास, गर्भपिशवी आणि अंडाशयं काढण्याचा विचार. तो निर्णय घाईचा नाही, पण विचारात असू द्या.

अॅस्पिरिनचं कुणीतरी सांगेल. लिंच सिंड्रोममध्ये त्याचा फायदा दिसलाय: मोठ्या चाचणीत दहा वर्षांत अॅस्पिरिन घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांना आतड्याचा कॅन्सर झाला, न घेतलेल्यांपैकी १३ टक्क्यांना. पण त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

दादाच्या किंवा तुमच्या लहान मुलांची आत्ता तपासणी नको. एकच प्रत बिघडलेली असली तर हा धोका लहानपणी येत नाही. अठरा पूर्ण झाली की त्यांना सांगायचं आणि ठरवायचं त्यांनी. त्यांच्यावर आजच शिक्का मारून ठेवण्यात काही हशील नाही.

जायचं कुठे? दादाच्या कॅन्सरतज्ज्ञांकडेच आधी जेनेटिक कौन्सेलिंगची चिठ्ठी मागा. नागपुरात जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, तुकडोजी चौकातलं कॅन्सर रुग्णालय आहे, तिथे विचारणा करा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं स्वतंत्र क्लिनिक आहे. रक्ताचा नमुना नागपुरात देऊन बाहेर पाठवता येतो, त्यासाठी प्रत्येकाने गाडीत बसायची गरज नसते.

पण पहिलं पाऊल रुग्णालयात टाकायचं नाही, आत्याच्या घरी टाकायचं. आईंना सोबत घ्या, त्या तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, आणि दादाला आधी विचारून जा, कारण आजार त्याचा आहे. फोनवर बोलू नका, आणि लग्नाच्या बोलणीत हे मिसळू नका. सरळ म्हणा, ‘आत्या, दादाच्या रिपोर्टमध्ये असं काही निघालंय ज्याचा तुझ्या ऑपरेशनशी संबंध असू शकतो, आणि तुझीही तपासणी व्हायला हवी.’ दादाच्या चार रंगांच्या रिपोर्टची झेरॉक्स न्या, आणि तिच्या ऑपरेशनच्या वेळचा हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, कागद मागून घ्या. त्या कागदावर वर कोपऱ्यात ब्लॉकचा नंबर असतो. तो नंबर असला तर तिचा ब्लॉक शोधणं रुग्णालयाला सोपं जातं.